निर्गुण निराकार घोडा

पालखीच्या रिंगणातला धावता अश्व टिपायचा, एवढीच माझी इच्छा. माउलींच्या पालखीबरोबर चाललोच होतो. पुरंदवडे, खुडूस, ठाकुरबुवा, शेवटी बाजीरावाची विहीर अशी गोल रिंगणं ठरलेली. एका ठिकाणी नाही जमलं तर पुढच्या ठिकाणी, असा माझा हिशोब होता. घोड्याचा वेगळा होता.

निघताना पुतण्यानं बजावलं होतं, "काका, आयएसओ वाढवलात की फोटोत रवा पडतो." आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा त्याचा आकडा, आणि रवा म्हणजे फोटोत उमटणारे दाणे. रव्याच्या धसक्यानं पुरंदवड्याला मी आयएसओ १०० वर अडून बसलो. आषाढातलं आभाळ, त्यात माझं भिंग ५.६ च्या वर उघडायला तयार नाही, म्हणून कॅमेऱ्यानं शटर दिलं १/६०, म्हणजे पडदा सेकंदाच्या साठाव्या भागापुरता उघडा. आता घोडा ताशी ३६ किलोमीटरनं पळतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. शटर उघडून मिटेपर्यंत तो जवळजवळ वीतभर पुढे गेलेला असतो. फोटोत मागच्या माणसांच्या टोप्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, आणि त्यांच्यापुढून वाऱ्यावर उडालेली एक चादर. रवा मात्र एक कण नाही.

त्या रात्री दिंडीच्या तंबूत भजन रंगलं. एका बल्बच्या उजेडात रव्याची भीती सोडून मी आयएसओ ६४०० केला, शटर १/६० ठेवलं, आणि फोटो खरंच बरे आले. त्या समाधानात झोपलो. दुसऱ्या दिवशी खुडूसला रिंगण लागलं. पताकावाले धावले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावल्या, विणेकरी धावले, मग अश्व सुटले, आणि मी धडाधड एकोणतीस फोटो काढले. रात्रीच्याच आकड्यांवर! लागतो त्याच्या चौसष्ट पट उजेड आत गेला. पडद्यावर ना घोडा, ना रिंगण, ना वारकरी. नुसतं धुतल्या धोतरासारखं पांढरं. सगुण टिपायला गेलो आणि एकोणतीस वेळा निर्गुण हाती आलं. शेजारच्या बुवांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "माउली, दिसतंय की सगळं." मी बॅटरी काढून परत घातली. आकड्यांचा दोष बॅटरीवर ढकलता येतो का ते पाहत होतो.

ठाकुरबुवाला पाऊस. कॅमेरा पिशवीत, पिशवी छत्रीत, मी बाहेर.

बाजीरावाच्या विहिरीला मात्र आकडे पाठ करून गेलो: आभाळ आहे, तर शटर १/१००० आणि आयएसओ १६००. इतक्या वेळात घोडा फक्त सेंटीमीटरभर सरकतो. रवा पडेल तर पडो, शिरा समजू. आडवा धावणारा घोडा जास्त पुसला जातो, समोरून अंगावर येणारा कमी, म्हणून वळणावर जागा धरली आणि जायच्या आधी दोनदा आकडे तपासले. पहिल्या फेरीत स्वाराचा घोडा निसटला. दुसऱ्या फेरीत, बिनस्वाराचा माउलींचा अश्व समोर आला आणि मी बटण दाबून धरलं.

सापडला! आयाळीचा केस न् केस, खुरांतून उडालेलं मातीचं ढेकूळ हवेत. चारही पाय जमिनीच्या वर, पोटाखाली गोळा झालेले. धावता घोडा असा पूर्ण अधांतरी असतो, हे मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं १८७८ साली कॅलिफोर्नियात बारा कॅमेरे मांडून दाखवलं होतं. माझ्याकडे एकच, तोही हप्त्यावरचा.

फोटो आधी सौ.ला दाखवला. तिनं तो आडवा धरला, उभा धरला.

"अहो, हा पळतोय कुठे? थिजलाय बिचारा. भिंतीवरच्या कॅलेंडरात टांगल्यासारखा."

म्हणजे शटरचा वेग फार वाढवला तर घोड्याचा वेगही गोठतो. पुतण्या म्हणतो, त्यालाही तोड आहे. शटर १/६० वर ठेवायचं आणि घोड्याबरोबर आपण कॅमेरा फिरवत न्यायचा, म्हणजे घोडा स्पष्ट येतो आणि मागची माणसं धावतात. अरे, हाच १/६० तर पुरंदवड्याला होता! फक्त मी जागचा हललो नव्हतो.

हे गणित मी पडद्यात तोंड खुपसून सोडवत होतो तोवर रिंगण संपलं. माणसं खुरांखालची माती कपाळाला लावायला धावली, त्यात सौ.ही. मूठभर घेऊन आली, माझ्या कपाळाला लावली, आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत कॅमेऱ्याच्या कपाळालाही. कॅमेऱ्याचं कपाळ म्हणजे, तिच्या मते, समोरची गोल काच.