"चार कागद वाचून आया डॉक्टर होतात": या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. "हिमोफिलियाच्या मुलाच्या डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग स्कॅन" या माझ्या लेखातल्या वाक्यावर (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन; हिमोफिलियात प्रकारानुसार फॅक्टर आठ किंवा नऊ कमी असतो, तो शिरेतून द्यावा लागतो) तुम्ही लिहिलंत, "चार कागद वाचून आया डॉक्टर होतात. डॉक्टरांना त्यांचं काम करू द्या." तेही नाव न लावता. मुद्दा मांडायला असा सूर लागतो का?

एक चूक दाखवलीत, ती मान्य. वजनाच्या किलोला १ युनिट दिलं की फॅक्टर आठची पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, नऊची १ टक्क्याने. मी दोन्हींचा हिशेब एकच लिहिला होता. दुरुस्त केला आहे.

आता ते वाक्य. ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही, जागतिक हिमोफिलिया महासंघाची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. फॅक्टरची पातळी १ टक्क्याच्याही खाली असलेल्या मुलाच्या कवटीत रक्त झिरपायला लागलं, तर ते थांबायची वाट बघता येत नाही. पोरगं बोलत असतं, पाणी मागत असतं. उलट्या सुरू होईपर्यंत वेळ हातची गेलेली असते. आणि स्कॅन स्वच्छ निघाला तर? दोन बाटल्या गेल्या, एवढंच ना!

१९९६ साली माझा दादा सायकलवरून पडला. १७ वर्षांचा होता. कॅज्युअल्टीत आईने हात जोडून सांगितलं, "याला हिमोफिलिया आहे, आधी क्रायो लावा." क्रायो म्हणजे रक्तपेढीतून मिळणारा, फॅक्टर असलेला रक्ताचा घटक. तिला उत्तर मिळालं, "आम्हाला आमचं काम करू द्या." स्कॅनसाठी थांबण्यात पाच तास गेले. पहाटे दादा गेला. रक्तपेढी त्याच इमारतीत, तळमजल्यावर होती.

माझा मुलगा जिन्यावरून पडला तेव्हा त्याचं वजन २२ किलो. किलोला ५० युनिट, म्हणजे ११००. फ्रिजमध्ये १००० ची आणि २५० ची बाटली होती. उरलेलं टाकून द्यायचं नसतं, दोन्ही पूर्ण दिल्या. घरीच, शिरेतून. मग रिक्षा, मग स्कॅन. हे कागद वाचून येत नाही हो. हॉस्पिटलातल्या डे केअरच्या सिस्टरनी सहा महिने माझ्याकडून शीर शोधून घेतली होती.

बाकी तुम्ही लिहिलंत की अपघातातल्या सरसकट रुग्णांना फॅक्टर दिला तर नको तिथे गुठळ्या होतात. होतात. अशांना पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध देतात, तेही मला ठाऊक आहे. पण माझा लेख त्यांच्याबद्दल नव्हताच. शीर्षक तरी वाचायचं होतंत. इनहिबिटरचा, म्हणजे शरीरच दिलेला फॅक्टर निकामी करतं त्याचा, मुद्दा वेगळा, त्यात आज शिरत नाही.

आई माझं लिहिलेलं सगळं वाचून घेते, खालच्या प्रतिक्रियांसकट. तुमची मी तिला वाचून दाखवली नाही. ते वाक्य तिने एकदा ऐकलंय.