बोटं कुठलीही चालतील? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'चाळिशीनंतर पेटी' या, मोठेपणी हार्मोनियम शिकण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख पुस्तकी आहे, मुंबईच्या क्लासवाल्यांसारखा. तुमच्या गावचे भजनी बुवा कुणाकडे न शिकता दोन बोटांनी डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) गाजवतात. गणपतीत दोन आरत्या वाजवायच्या असलेल्या माणसाला "बोटं कुठलीही लावा, सूर लागला की झालं" असं सांगायचं सोडून मी घाबरवते. आणि पावसाळ्यात पेटी बंद ठेवा हा सल्ला चुकीचा आहे.

शेवटचं आधी. तिथे तुमचं बरोबर आहे. 'दमट दिवसांत पेटी जपून ठेवा' याचा अर्थ 'वाजवू नका' असा होत होता, वाक्य बदललं आहे. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर पेटी रोज थोडी तरी वाजलीच पाहिजे. बंद राहिली की पट्टीखालच्या चामड्याला बुरशी येते, स्प्रिंगा गंजतात, लाकूड फुगून पट्टी शेजारच्या पट्टीला घासते. दाबलेली पट्टी वर आली नाही की तो सूर भाता हलवताच आपोआप वाजत राहतो. उन्हात मात्र ठेवू नका, सांधे उघडतात.

'पुस्तकी' हा शब्द मला लागला, आणि तो मी सोडून देणार नाही. गेली अठरा वर्षं मी मोठ्या माणसांनाच पेटी शिकवते आहे. निवृत्त होऊन गावी परतलेले चाकरमानी, दुकान सांभाळून येणारे, सुना-नातवंडांतून वेळ काढणाऱ्या बायका. त्यांची बोटं मी रोज बघते. तेव्हा मतभेद जरूर सांगा, पण 'तुम्हाला काय कळतंय' हा सूर नको.

आता तुमचं ते एक वाक्य, 'बोटं कुठलीही लावा'. सतारीची तार छेडली की बोट उचलल्यावरही ती घुमत राहते. पेटीत तसं नाही. पट्टीवरून बोट उचललं त्याच क्षणी हवा बंद, स्वर बंद. म्हणून पेटीवर एक स्वर सुटायच्या आत पुढच्या पट्टीवर बोट पोचलेलं असावं लागतं, आणि ते कोणत्या बोटाने पोचायचं हे आधी ठरलेलं लागतं. 'कुठलंही बोट' म्हणजे दर दोन-तीन स्वरांनी हात उचलणं. प्रत्येक उचलीला आरतीत भोक पडतं.

काळी एकचं, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरण्याचं, उदाहरण घ्या, पुरुषांच्या गळ्याला बहुधा तीच बसते. तिथे सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी वरच्या सप्तकातली पांढरी एक. पाच काळ्या, दोनच पांढऱ्या. अंगठा आखूड असतो, काळीवर ठेवला की अख्खा हात पुढे ढकलला जातो. म्हणून अंगठ्याला या दोन पांढऱ्याच द्यायच्या: सा तर्जनी, रे मधलं बोट, ग अंगठा, म तर्जनी, प मधलं, ध अनामिका, नी अंगठा, वरचा सा पुन्हा तर्जनी. उतरताना नीवर अंगठा तसाच ठेवून अनामिका त्याच्यावरून धवर आणायची; गवर अंगठा ठेवून मधलं बोट रेवर.

चूक होते ती गवर. रे वाजून जातो तरी अंगठा बाहेरच लटकत असतो, मग शेवटच्या क्षणी कोपर बाहेर फेकून तो आत घालावा लागतो आणि ग दणकन वाजतो. उपाय साधा आहे. रे दाबून धरा, भाता चालू ठेवा, आणि अंगठा तळव्याखालून नेऊन गच्या पट्टीवर नुसता टेकवा, दाबू नका. वीस वेळा. मनगट हललं तर ती वेळ मोजायची नाही. असं चार-पाच दिवस केलं की ग म मऊ जोडले जातात, कानालाच कळतं.

हे पहिल्या महिन्यात केलं नाही तर? दोन बोटांची सवय मुरते. लहान मुलाची सवय सुट्टीभरात मोडता येते, पन्नाशीतल्या हाताची मोडायला शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो. मी हे घाबरवायला नाही, वाचवायला लिहिलं होतं.

बुवांचं म्हणाल तर बुवा स्वतः गातात. पेटीचा स्वर तुटला तर त्यांचा गळा तो भरून काढतो, वर पखवाज आणि झांज असतेच. तुमच्या घरी मात्र दहा माणसं तुमच्या पेटीवरून स्वर उचलणार. शिवाय बुवांचा कान लहानपणापासून देवळात तयार झालेला असतो. त्यांचं नाव पुढे करून नवशिक्याला आळस शिकवणं हे बुवांवरही अन्याय करणारं आहे.



राहिल्या तुमच्या दोन आरत्या. गणपतीआधी पाच आठवडे हातात असले तरी पुरतात. पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं: पाच मिनिटं नुसता सा, डाव्या हाताने भाता अर्धाच उघडत, ठेक्यावर हिसका न देता, उरलेला वेळ वर सांगितलेला आरोह-अवरोह. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे बरं. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या आरतीचं ध्रुवपद, त्याच बोटांनी. ध्रुवपद न अडखळता तीनदा गेलं की मगच कडवं.