पद्मिनीच्या नाकी नऊ

जुनी गाडी मूळची होती तशी ठेवावी की आपल्या मनात आहे तशी करावी, या प्रश्नावर जुन्या गाड्यांच्या शौकिनांत दोन तट आहेत. पुण्यात राहत असल्यामुळे मला तिसऱ्या तटालाही तोंड द्यावे लागले. आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत हाच तट बहुमतात असून, गाडी विकून टाकावी आणि ती जागा दोन स्कूटरना मोकळी करून द्यावी, असे त्याचे स्पष्ट मत आहे.

गाडी वडिलांची, १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाटच्या परवान्याने ‘फियाट ११०० डिलाइट’ बनवायला घेतली, १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणू लागले आणि पुढे उत्पादन थांबेपर्यंत तिच्या अंगकाठीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आमच्या गाडीतही तेच १०८९ सीसीचे इंजिन आहे आणि तोच स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. काळाने हात फिरवला तो तिच्या मुखड्यावर. आमच्या गाडीच्या वाट्याला काळ्या प्लॅस्टिकची जाळी आली होती, आणि तिच्यामुळे गाडी समोरून नुकतीच कवळी काढून ठेवलेल्या गृहस्थासारखी दिसत असे. मला हवी होती साठीच्या दशकातल्या डिलाइटची धातूची जाळी. पद्मिनीला डिलाइटचे तोंड लावणे हा भ्रष्टाचार आहे, असे शुद्धतावादी म्हणतात. परंतु काळे प्लॅस्टिक हा जपून ठेवण्याजोगा वारसा आहे, हे मला कोणीही पटवून देऊ शकलेले नाही.

इतकी वर्षे ज्या गाडीचा पत्रा बदलला नाही, तिच्या तरुणपणाची जाळी तिला उतारवयात बसायला हरकत नसावी, असे कोणीही म्हणेल. आमचे मिस्त्री मात्र तसे म्हणाले नाहीत. “साहेब, साच्यातून निघतो तेव्हा पत्रा कंपनीचा असतो,” ते म्हणाले, “रस्त्यावर आला की ज्याचा त्याचा.” या वाक्याचा अर्थ मला पुढे सविस्तर कळायचा होता.

आधी जाळी मिळवायची होती. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि एरवी नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकाने यांत मी इतका हिंडलो की, चहावाले मला विक्रेता समजून उधारी देऊ लागले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, ही घटना वर्तमानपत्रांनी हळहळत छापली. पार्टवाल्यांनी ती हळहळ ताबडतोब किमतीत मिळवून टाकली. जुन्या बाजारात गोणपाटावर पाने, बेअरिंगे आणि एक बिनकाट्यांचे घड्याळ यांच्या शेजारी अखेर ती जाळी दिसली. “साहेब, हा माल आता मुंबईतसुद्धा मिळत नाही,” असे विक्रेत्याने सांगितले. मुंबईत मिळत नाही कारण तो इथे येऊन पडला आहे, असे मी म्हणताच त्याने जाळीवर फडके टाकले आणि ती विकायची नसल्याचे जाहीर केले. पुढची घासाघीस त्या फडक्याशी झाली.

जाळीवर गंजाचे पुरळ उठले होते, म्हणून ती भोसरीच्या एका क्रोमवाल्याकडे गेली. क्रोम म्हणजे चकाकी, हा माझा समज त्यांनी उभ्या उभ्या मोडीत काढला. आधी तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोम असा तो थरांचा संसार असतो; त्यांतला क्रोमचा थर एक मायक्रॉनही भरत नाही, आणि खरी चकाकी येते ती खालच्या धातूला बफवर घासून घासून. पट्ट्या लोखंडाच्या होत्या, त्यांची चिंता नव्हती. कडेचे दोन तुकडे मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे निघाले, आणि असा तुकडा ॲसिडात जास्त वेळ राहिला तर जुन्या क्रोमबरोबर तोही विरघळू लागतो. “जबाबदारी तुमची,” असे त्यांनी पावतीवर लिहून घेतले. पुण्यात कुठल्याही कामाचा आरंभ या दोन शब्दांनीच होतो, त्यामुळे मला उलट दिलासा वाटला.

जाळी परत आली तेव्हा तिच्या प्रत्येक पट्टीत मला स्वतःचा चेहरा दिसत होता, आडवा ताणलेला. ती घेऊन मी गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी प्लॅस्टिकची जाळी उतरवायला घेतली आणि पहिली अडचण स्क्रूची नव्हे, कायद्याची निघाली. नव्या नियमाप्रमाणे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतलेली होती, आणि ती बसवणाऱ्या मुलाने ती बंपरच्या वरच्या कडेला अशा बेताने ठोकली होती की, जाळीचे खालचे स्क्रू तिच्यामागे नजरकैदेत गेले होते. या प्लेटचे लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही. चोराने ती काढू नये म्हणून ही योजना आहे, आणि मालकाचा त्यात स्वतंत्र विचार केलेला नाही. लॉक तोडायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख आणि पुन्हा तोच मुलगा. मिस्त्री तंबाखू मळत बराच वेळ प्लेटकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी प्लेटला हातही न लावता तिच्यासकट अख्खा बंपर उतरवला. बंपरचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांना रॉकेल पाजण्यात दुपार गेली.

मग जाळी जागेवर धरली. डावी बाजू पत्र्याला अशी चपखल बसली की मी खिशातून पेढे काढणार होतो. उजवी बाजू मात्र बोटभर पुढे उभी राहिली, आणि ती दाबली की डावी उठे. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते याच सुमारास फेरफटका मारत गॅरेजात आले, आणि या जाळीने रेडिएटरला हवा कमी मिळून गाडी खंबाटकीत तापणार, असे त्यांनी सांगितले. पद्मिनी काळ्या जाळीनेही खंबाटकीत तापतच होती, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर ते मोजपट्टी आणायला गेले.

मिस्त्रींनी मोजपट्टी मागितलीच नाही. त्यांनी जुन्या स्पीकरमधले एक चुंबक काढले आणि गाडीच्या नाकावरून फिरवले. डाव्या बाजूला ते खट्‌कन चिकटले. उजव्या बाजूला, हेडलाइटच्या खाली, ते घसरले आणि टप्‌कन जमिनीवर पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. “इथं पत्रा मागं दबलाय, साहेब. वर सगळी लांबी आहे, म्हणजे भरलेली पुट्टी,” मिस्त्री म्हणाले, “कोणीतरी ठोकलीय आणि भरून रंगवलीय. काम मात्र झकास केलंय.”

ही गाडी वडिलांखेरीज कोणी चालवली नव्हती, आणि आपल्या हातून गाडीला ओरखडादेखील गेलेला नाही, हे त्यांचे वाक्य आम्ही बालपणापासून श्लोकासारखे ऐकत आलो होतो. घरी येऊन मी आईला चुंबकाची हकीकत सांगितली. ती मटार सोलत होती; तिने एक शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाली, “पर्वतीच्या पायथ्याचा खांब. पण तो आदल्या दिवसापर्यंत तिथे नव्हता, असं ह्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं.” मग मी मामाकडे राहायला गेलेलो असताना ठोक्याचे काम कसे गुपचूप उरकले, आणि रंग वाळेपर्यंत गाडी भिंतीकडे तोंड करून कशी उभी केली, हेही बाहेर आले. तिने हे इतकी वर्षे पोटात ठेवले होते.

पुढचे काम लांबी खरवडून पत्रा पुढे ओढण्याचे होते. आतून लाकडाचा ठोकळा, बाहेरून नरम हातोडा आणि दर चार ठोक्यांनी जाळी लावून बघणे, असा तो रियाज चालला. शेवटी उजवीकडे नखाएवढी फट उरली, ती मिस्त्रींनी रबराच्या बीडिंगने झाकली आणि “कंपनीच्या गाडीतपण एवढी असतेच,” असा निर्वाळा दिला. बंपर प्लेटसकट परत चढला. अभियंते मोजपट्टी घेऊन परतले, तेव्हा मोजण्यासारखे काही शिल्लक नसल्याने त्यांनी रंगाची छटा जुळत नसल्याचे नमूद केले.

मिस्त्रींनी घरी आणून दिलेल्या बिलात तीन ओळी होत्या: ‘जाळी फिटिंग’, ‘बंपर काढणे-लावणे’ आणि ‘जुना अपघात दुरुस्ती (वडिलांचा)’. आईने चष्मा लावून ते नीट वाचले, तिसऱ्या ओळीची रक्कम आपल्या बटव्यातून मोजून दिली आणि बिल मिस्त्रींच्या हातात परत ठेवून म्हणाली, “अहो, कंसात तेवढं घाला, खांब आदल्या दिवशी तिथे नव्हता.” मिस्त्रींनी कानामागचे पेन काढले आणि घातले.