जावईबापू आणि पेटी

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परवाचा एक फोटो टाकला. नॉर्वेतलं लोफोटन. मागे समुद्रातून सरळ वर आलेले काळे डोंगर, आणि पुढे माझा नवरा. हाफ पँट, हातात हिरवे रबरी मोजे, चाकं असलेली एक करडी पेटी ओढत चाललाय. मला फार आवडला होता तो फोटो.

दहा मिनिटांत मावशीचा मेसेज. "अगं, ती पेटी कसली?" मी भाबडेपणाने खरं ते सांगितलं. व्हॅनमधल्या संडासाची, रिकामी करायला नेतोय. त्यावर मावशी: "जावईबापूंना हे काम करायला लावतेस? वर फोटो काढतेस?" लगेच मामेभाऊ: "भावजी, युरोत पगार ना? हॉटेल परवडत नाही का?" मग हसून लोळणारे पिवळे चेहरे. अकरा. मोजले मी.

तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमची गाडी माहितीये. २०११ची डुकाटो, आत राहता येईल अशी कॅम्पर व्हॅन, २०१८मध्ये सेकंडहँड घेतली, सहा मीटरला एक सेंटिमीटर कमी. मी फोटो टाकते ते सूर्यास्ताचे, त्यामुळे लोकांना वाटतं आम्ही काय मोकळे भटके. मोकळे कसले! आमच्या लायसनवर गाडी सगळं धरून ३,५०० किलोपर्यंतच चालते. टाकीत १०० लिटर पाणी भरलं की तिथेच १०० किलो गेले. म्हणून दर उन्हाळ्यात माझा कुकर की त्याची गिटार यावर भांडण. समोर काचेखाली गाडीच्या उंचीची, '२.६५' मीटर अशी चिठ्ठी चिकटवलीये, कारण फ्रान्समध्ये समुद्राकाठच्या पार्किंगला दोन मीटरवर आडवा दांडा असतो आणि एकदा आम्ही तो विसरलो होतो. आणि गाडी रिव्हर्स घेताना मी बाहेरून ओरडते "डावीकडे", आतून येतं "तुझ्या की माझ्या?" यावर घटस्फोट झाला नाही म्हणजे आता होणार नाही.

आणि ही पेटी. कंपनीवाले तिला कॅसेट म्हणतात, आमच्यात "आज पेटी वाजवायला कोण जातंय?" असं विचारतात. १८-२० लिटरची. दोघांना दोन-तीन दिवस पुरते, भरली की लाल दिवा लागतो. गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार असतं, तिथून ओढून काढायची, नेमून दिलेल्या जागी ओतायची, धुवायची, औषध घालायचं, परत बसवायची. झालं.

पहिल्या ट्रिपला हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी, बेर्नकास्टेलजवळ, समोर द्राक्षांचे उतार, १२ युरोत रात्रभर गाडी लावायची जागा. नवरा पेटी घेऊन गेला, तोंड उघडलं, उलटी केली. आत हवा जायला वाट नाही, त्यामुळे गडगड, गडगड, मग एकदम भसकन. बुटांवर. मोज्यांवर. पांढऱ्या पँटवर सुद्धा, हो, पांढरी घालून गेला होता. मी लांब उभी राहून हसत होते आणि रडायचीच बाकी होते.

शेजारच्या गाडीतले आजोबा उठून आले. पंचाहत्तरीचे असतील. एक शब्द बोलले: "क्नोप्फ." बटण. पेटीच्या पाठीवर हवेचं एक बटण असतं, ते दाबून धरायचं. त्यांनी स्वतःचा अंगठा आमच्या त्या भरलेल्या पेटीवर ठेवला आणि दाबून धरला. हातात मोजेबिजे काही नाहीत. मग दोन नळ दाखवले, हा पेटी धुवायचा, तो प्यायच्या पाण्याचा, आणि बोट हलवून दम भरला की याची त्याला गल्लत करायची नाही.

संध्याकाळी त्यांनी वाइन दिली तेव्हा कळलं, गृहस्थ निवृत्त सर्जन. मावशीला पटावं म्हणून सांगतेय, नाहीतर पोस्टमन असते तरी मला काय फरक पडणार होता.

कारण मावशी, मला साताऱ्याचा आपला वाडा आठवतो. मी पाच-सहा वर्षांची असेन. टोपलीचे संडास. मागच्या बोळातून एक बाई यायची, डोक्यावरून न्यायची. बोळाकडे बघायचं नाही असं आम्हाला सांगितलेलं. तिला ज्या शब्दाने हाक मारायचे तो मी इथे लिहिणार नाही. तिचं नाव घरात एकालाही माहीत नव्हतं. तुला तरी आठवतंय का? माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ला झाला, २०१३ला पुन्हा करावा लागला, आणि अजूनही गटारात माणूस उतरतोच. दर २३ फेब्रुवारीला तू गाडगेबाबांचा फोटो ग्रुपवर टाकतेस, हातात खराटा असलेला, खाली जोडलेले हात. आणि घरच्या जावयाने स्वतःची घाण स्वतः उचलली की तुला लाज वाटते? त्या बाईची नाही वाटली कधी?

बरं, ठीक आहे. आमची पेटी बंद झाकणाची, निळं सुगंधी औषध घातलेली, मोजे घालून, सुट्टीवर असताना, हौसेने. त्या बाईशी याची तुलना होत नाही, मला कळतं. मामेभावाचंही एक खरं, ऑगस्टमध्ये क्रोएशियात कॅम्पिंगचे दर बघितले तर कधी कधी हॉटेल स्वस्त पडेल. बास, एवढंच.

तरी मला तो अंगठा विसरता येत नाही. अनोळखी माणसाच्या मैल्याच्या डब्यावर, शांतपणे, दुसऱ्या हातात चष्मा धरून.

हे लिहिता लिहिता अजून एक आठवलं, जे मी मोझेलची गोष्ट सांगताना नेहमी गाळते. त्या आजोबांची बायको खुर्चीत पुस्तक वाचत होती. मी कौतुक केलं तर म्हणाली, तीस वर्षांत मी त्या पेटीला हात लावलेला नाही. आम्ही दोघी खूप हसलो. गाडीत येऊन मी ठरवलं, आपल्याकडे पाळ्या. एकदा तू, एकदा मी.

मघाशी नवऱ्याला विचारलं, इतक्या वर्षांत माझी पाळी किती वेळा झाली रे? तो बटाटे सोलत होता. म्हणाला, "चार." जरा थांबून, "पाच. तो पाऊस होता ना डेन्मार्कला, तेव्हा तू छत्री धरली होतीस."

म्हणजे "करायला लावतेस" हे मावशी अगदीच चुकीचं बोलली असं नाही. पण हे तिला मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका, तुमच्यातले तिघं त्या ग्रुपवर आहात.

रात्रीचे अकरा वाजलेत आणि बाहेर अजून वाचता येईल एवढा उजेड आहे. उद्या 'ओ'ला जायचंय, रस्ता जिथे संपतो ते गाव, नाव एका अक्षराचं. नवरा घोरतोय. आत्ता बाथरूमला जाऊन आले. पेटीचा लाल दिवा लागलाय.