वाईन नाशिकची, मग ताट का नाही?

थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या मित्रांचे मेसेज सुरू होतात. नाशिकला येतोय, वायनरी कुठली बघू, राहू कुठे, खाऊ काय? म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकावं. आणि बरेच दिवस मनात साचलंय तेही.

गंगापूर धरणाच्या बाजूला बसून हातात चेनिन ब्लां ही पांढरी वाईन घ्यावी आणि समोर पिझ्झा यावा, हे मला पटत नाही. पिझ्झाशी माझं भांडण नाही. पण ज्या मातीत ती द्राक्षं पिकली तिथलं जेवण बहुतेक मेनूकार्डांत शोधावं का लागतं? वाईन इथे काही उपरी नाही. 1980च्या दशकातच पिंपळगाव बसवंतच्या बागायतदारांनी वाईनचा प्रयोग केला होता. पुढे 2000 साली राजीव सामंतांच्या सुला वायनरीची पहिली वाईन बाजारात आली, 2001 मध्ये राज्याचं वाईनसाठीचं धोरण आलं आणि गंगापूर, दिंडोरी, इगतपुरी, विंचूर अशा सगळ्या बाजूंना वायनऱ्या उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत द्राक्षं आपली झाली, वाईन आपली झाली. ताट अजून परकंच आहे.

चवीचंच बोलायचं तर आपल्या मिसळीचा झणझणीत रस्सा आणि गार, किंचित गोडसर चेनिन ब्लां ही जोडी जमते. तिखटाचा जाळ ती बरोबर आवरते. काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी असेल तर शिराझ ही लाल वाईन घ्या, तिच्यात मुळातच मिरीचा ठसका असतो. साबुदाणा वड्याबरोबर स्पार्कलिंग, कारण तळलेल्या खारट खाण्यावर ते बुडबुडे फार छान लागतात. हे मी घरी पाहुण्यांना वाढतो. वायनरीत मात्र मागून मिळत नाही.

म्हणून तोवर माझा सल्ला एकच: शहरात खा, बागेत प्या.

सकाळ मिसळीची. साधनाची चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, लवकर जा. मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागेत बसूनही मिसळ खाता येते. पंचवटीत जुनी अंबिका आहे. उपास असो-नसो, सायंताराचा साबुदाणा वडा चुकवू नका. पोट भरलेलं असलं की मगच टेस्टिंगला जा. रिकाम्या पोटी पाच-सहा वाईन चाखल्या की शेवटच्या दोन कशा होत्या ते आठवत नाही.

सुला आणि शेजारची यॉर्क बहुतेकांना माहीत असतात. सुलाला जायचंच असेल तर शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा, माणसं निवांत बोलतात. मला स्वतःला इगतपुरीकडची मुकणे धरणाजवळची वालोने जास्त आवडते. लहान आहे, समोर पाणी, मागे डोंगर, आणि गडबड नाही. जानेवारी ते मार्च हा खरा हंगाम, कारण तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते. ऑगस्टमध्ये आलात तर डोंगर हिरवेगार दिसतील, पण वेलीवर घड नसतील. आणि वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात. खायला थॉम्पसन किंवा शरद हवी असतील तर ती हंगामात हायवेच्या कडेला शेतकऱ्यांकडून घ्या. 26 जानेवारीच्या जोडून सुट्टीत येणाऱ्यांनो, त्या दिवशी ड्राय डे असतो.

कृपा करून पिऊन गाडी चालवू नका. धरणाकडचा रस्ता रात्री अंधारा असतो, गावातली माणसं, गुरं त्याच रस्त्याने येतात. नाशिकरोडपर्यंत रेल्वेने या आणि दिवसाची गाडी ठरवा. राहायला परवडत असेल तर वायनरीतच रूम घ्या, म्हणजे परत निघायची घाई नाही. नाहीतर धरणाजवळ एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, आणि कॉलेज रोडच्या बाजूची साधी हॉटेलंही चालतात.

खरेदी म्हटली की लोक बाटल्यांचं खोकं घेऊन निघतात. अहो, सराफ बाजार आणि त्याला लागून असलेल्या भांडी बाजारात एक दुपार काढा. तांब्याचे हंडे, पितळी समया, ताम्हनं, काय नाही तिथे! चिवडा कोंडाजीचा घ्या किंवा माधवजीचा, यावरून नाशिककरांचे दोन तट आहेत, मी कोंडाजीचा. बुधवारी असाल तर गंगेवरच्या बाजारात एक फेरी मारा. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) पैठणीसाठी मात्र येवल्याला वेगळा दिवस ठेवा, आणि पदर उलटून बघा. खऱ्या हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.

आता वायनरी चालवणाऱ्यांना विनंती. या हंगामात मेनूत फक्त एक ताट घाला: भाकरी, ठेचा, काळ्या रश्शाचं मटण, शाकाहाऱ्यांसाठी भरीत. जवळच्या गावातल्या बचत गटाला ते करायला द्या. सोबत कुठली वाईन घ्यायची हे त्यांना आणि तुमच्या टेस्टिंगवाल्या मुलांना एकत्र बसून ठरवू द्या. ज्या वायनरीत हे ताट सुरू होईल तिचं नाव कमेंटमध्ये टाका, मी पाहुण्यांना आधी तिथेच नेईन.