विरोधी खासदार ‘नुसते ओरडतात’ म्हणे. मग ओल्या भिंतीचा कायदा कुणी केला?

आमच्या लंडनच्या मराठी ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. निवडणूक इथली असो वा तिकडची, तो येतोच, फक्त वरचा झेंडा बदलतो. आशय असा की विरोधी पक्षाच्या खासदाराला मत म्हणजे मत पाण्यात. तो पाच वर्षं घसा फोडतो, कायदे मात्र सत्ताधारीच करतात. घर, पाणी, गटार ही तर पालिकेची कामं, खासदाराचा तिथे काय संबंध? आणि विरोधकाचं एखादं विधेयक चुकूनमाकून मंजूर झालंच, तर ते सरकारने मोठ्या मनाने होऊ दिलं म्हणून. या वेळी खाली पुरावाही जोडला होता: इंग्लंडच्या भाडेकरूंना राहण्यालायक घराचा हक्क मिळाला तो हुजूर पक्षाच्या सरकारमुळे.

ही शेवटची ओळ नसती तर मी गप्प बसले असते. पण त्या कायद्याच्या आधीही मी इथे भाड्याने राहत होते आणि नंतरही राहतेय.

आधीचं सांगते. हिवाळ्यात एकदा कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे कमरेच्या उंचीपर्यंत काळे ठिपके. खालच्या खणात आईने शिवलेली गोधडी होती, तिच्या घड्याघड्यांत बुरशी. एजंट आला, भिंतीवरून बोट फिरवलं, बोट पँटला पुसलं आणि मला सल्ला दिला: खिडक्या उघड्या ठेवा, कपडे घरात वाळत घालू नका, स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा. जानेवारीत खिडक्या उघड्या! मी चिडले. पण कायद्याच्या दृष्टीने त्याचं फारसं चुकलं नव्हतं, हे मला पुढे कळलं आणि मग मी जास्तच चिडले.

गंमत बघा. घर माणसाला राहण्यालायक असलं पाहिजे, अशी अट इंग्लंडच्या कायद्यात १८८५ पासून आहे. फक्त तेव्हा ती ठरावीक भाड्याखालच्या घरांनाच लागू होती. ही मर्यादा शेवटची वाढवली १९५७ मध्ये: लंडनमध्ये ८० पौंड, लंडनबाहेर ५२. महिन्याला नाही, वर्षाला! आज ८० पौंडांत लंडनच्या बऱ्या हॉटेलात एक रात्र निघाली तर नशीब. म्हणजे हक्क कागदावर जिवंत, प्रत्यक्षात तो लागू होईल असं घर देशात औषधाला सापडलं नसतं. आपल्याकडे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि घरमालकांनी चाळींची डागडुजीच सोडून दिली. इथे गोठलेल्या आकड्याने उलटा घोळ केला, भाडेकरूच कायद्याबाहेर गेला. आकडा गोठवून विसरून जायचा रोग मात्र दोन्हीकडे एकच.

उरलं दुरुस्तीचं कलम. तुटलेलं-फुटलेलं दुरुस्त करणं हे घरमालकाचं काम. पण माझ्या भिंतीत तुटलेलं काहीच नव्हतं. ती मुळातच थंड आणि पातळ, म्हणून तिच्यावर वाफ जमून पाणी धरायचं. ऐंशीच्या दशकात क्विक विरुद्ध टॅफ-इली या खटल्यात न्यायालयाने हेच सांगून ठेवलंय: धातूच्या खिडक्यांमुळे घरात ओल येते हे खरं, पण खिडक्या मोडलेल्या नाहीत, तेव्हा दुरुस्त कशाला करायचं? १९९६ मध्ये कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनने ही फट बुजवा असं लेखी सांगितलं. त्यानंतर हुजूर पक्षाची सरकारं आली, मजूर पक्षाची आली, फट तशीच. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला कुठल्या पक्षाची पालखी वाहायची नाही.

आता त्या फॉरवर्डकडे. कायदे सत्ताधारीच करतात, हा पहिला दावा. ती फट बुजवणारा ‘होम्स फिटनेस फॉर ह्यूमन हॅबिटेशन’ हा २०१८ चा कायदा मांडला कॅरेन बक यांनी. वेस्टमिन्स्टर नॉर्थच्या मजूर पक्षाच्या तेव्हाच्या खासदार, आणि मजूर पक्ष २०१० ते २०२४ विरोधात होता. त्यांनी तो एकदा नाही, दोनदा मांडला.

पहिल्यांदा १६ ऑक्टोबर २०१५ ला. खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयकं इथे शुक्रवारी चर्चेला येतात. कामकाज दुपारी अडीचला संपतं, आणि त्या क्षणी कुणी बोलत उभा असेल तर विधेयक गेलं. चर्चा थांबवून मत घ्यायचं तर ठरावाच्या बाजूने किमान १०० खासदार लागतात, आणि शुक्रवारी मंडळी आपापल्या मतदारसंघात पळालेली असतात. त्यामुळे विधेयक पाडायला बहुमत नको, दमदार घसा पुरतो. सत्ताधारी बाकांवरून भाषण लांबवत नेलं, घड्याळात अडीच वाजले, खेळ खलास. फॉरवर्डवाल्यांना सांगावंसं वाटतं, त्या दिवशी ‘नुसतं बोलत’ कोण होतं ते संसदेच्या इतिवृत्तात वाचा.

तीन महिन्यांनी, १२ जानेवारी २०१६ ला, मजूर पक्षाने तीच तरतूद सरकारच्या गृहनिर्माण विधेयकात दुरुस्ती म्हणून आणली. पडली, ३१२ विरुद्ध २१९. विरोधात मत देणाऱ्यांपैकी ७२ जण, खासदारांच्या हितसंबंधांच्या नोंदवहीनुसार, स्वतः घरमालक होते. सरकारचं म्हणणं असं की यामुळे घरमालकांवर विनाकारण बोजा पडेल. आता हेच सरकार हक्क देणारं म्हणून मिरवायचं असेल, तर हे ३१२ कुठल्या खात्यावर टाकायचे?

दुसऱ्यांदा संधी आली ती सोडतीने. दर अधिवेशनाच्या सुरुवातीला खासदारांच्या नावांची सोडत निघते, म्हाडाची निघते तशीच. वीस नावं काढतात आणि पहिल्या काहींनाच चर्चेचा खात्रीचा दिवस मिळतो. २०१७ च्या उन्हाळ्यात बक यांचं नाव आलं. १९ जानेवारी २०१८ ला दुसरं वाचन झालं आणि या वेळी सरकार पाठिंब्याला उभं होतं. २० डिसेंबर २०१८ ला राणीची संमती, २० मार्च २०१९ पासून नव्या करारांना लागू.

इथे फॉरवर्डवाला म्हणणार, बघा, सरकारने पाठिंबा दिला म्हणूनच ना? बरोबर. सरकार आडवं पडलं असतं तर हेही विधेयक पहिल्याच्या वाटेने गेलं असतं. प्रश्न असा की जानेवारी २०१६ ला जे विनाकारण बोजा होतं, ते जानेवारी २०१८ ला हवंहवंसं का झालं? मध्ये १४ जून २०१७ होता. पश्चिम लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं मेली. इमारत केन्सिंग्टन अँड चेल्सी काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, मालकीची, आणि रहिवासी आधीपासून सुरक्षेबद्दल तक्रारी करत आले होते. शिवाय त्याच महिन्यात हुजूर पक्षाचं बहुमत गेलं होतं, उत्तर आयर्लंडच्या दहा खासदारांच्या टेकूवर सरकार उभं होतं. भाडेकरूंसाठी काहीतरी केलं असं दाखवणं एकदम निकडीचं झालं.

अशा वेळी सरकारला लागतो तयार मसुदा. तो पडलेला होता: कलमं लिहिलेली, आक्षेप आधीच ऐकून घेतलेले, वकिलांनी घासूनपुसून ठेवलेला, एकदा घड्याळाने मारलेला. भाडेकरूंच्या बाजूने लढणाऱ्या जाइल्स पीकर आणि जस्टिन बेट्स या वकिलांची त्यामागे मेहनत होती. माझ्या मते विरोधी खासदाराचं खरं काम हे आहे, आणि ते टीव्हीवर दिसत नाही. सरकारची मर्जी कधी फिरेल ते त्याच्या हातात नसतं. ती फिरेल त्या दिवशी कागद तयार असणं मात्र असतं. माझी आजी पाहुणे येवोत न येवोत, कणीक भिजवून ठेवायची. तसंच हे.

‘घर-गटार ही पालिकेची कामं’ हा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. खासगी घरमालकावर कारवाई करायचे अधिकार काउन्सिलला आहेत. २००४ च्या कायद्यानुसार काउन्सिलचा माणूस घर तपासून २९ प्रकारच्या धोक्यांचं मोजमाप करतो. पण हे अधिकार दिले कुणी? संसदेने. त्यातलं भोकही संसदेनेच ठेवलेलं: घर काउन्सिलच्याच मालकीचं असेल तर काउन्सिलने नोटीस कुणाला काढायची? स्वतःला काढता येत नाही. म्हणजे काउन्सिलच्या भाडेकरूला तक्रारीसाठी दार एकच, आणि दाराआड बसलेला तोच घरमालक. बक यांच्या कायद्याने त्या भाडेकरूला थेट न्यायालयाची वाट दिली. हे काम कुठल्याही नगरसेवकाला करताच आलं नसतं.

आणि बक यांना पालिका कळत नव्हती असंही नाही. १९९० ते १९९७ त्या वेस्टमिन्स्टर काउन्सिलमध्ये होत्या, तिथेही विरोधातच. हे तेच काउन्सिल, जिथे ऐंशीच्या दशकात शर्ली पोर्टर यांच्या राजवटीत ‘मतांसाठी घरं’ हे प्रकरण घडलं. काठावरच्या आठ वॉर्डांत काउन्सिलची घरं भाड्याने देण्याऐवजी विकायला काढायची, म्हणजे हुजूर पक्षाला मत देणारे येऊन राहतील, असा हिशोब. बेघर कुटुंबांची रवानगी दुसरीकडे, त्यातली काही अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या टॉवरमध्ये. ऑडिटरकडे हरकत घेणाऱ्यांत मजूर पक्षाचे नगरसेवक होते. २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी हे बेकायदा ठरवलं आणि २००४ मध्ये पोर्टरबाईंनी १ कोटी २३ लाख पौंडांवर तडजोड केली. घरं कुणाला, कुठल्या वॉर्डात, हे गटारासारखं ‘बिनराजकीय’ काम असतं का, ते तुम्हीच ठरवा.

‘नुसते ओरडतात’ याबद्दल थोडक्यात. गृहनिर्माण आणि स्थानिक स्वराज्य संस्था पाहणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष २०१० पासून २०२४ पर्यंत होते क्लाइव्ह बेट्स. तेही मजूर पक्षाचे, म्हणजे ही सगळी वर्षं विरोधात. सरकार कुणाचंही असो, समित्यांची अध्यक्षपदं पक्षांमध्ये वाटली जातात आणि २०१० पासून सगळे खासदार गुप्त मतदानाने अध्यक्ष निवडतात. मंत्र्याला समोर बसवून आकडे मागणाऱ्या समितीत ओरडण्याची गरजच पडत नाही.

समतोलासाठी नाही, खरं आहे म्हणून सांगते: काउन्सिलांवर बेघरांची जास्त जबाबदारी टाकणारा २०१७ चा कायदा हॅरो ईस्टच्या बॉब ब्लॅकमन यांचा, आणि ते हुजूर पक्षाचेच. सत्ताधारी असले तरी मंत्री नव्हते. त्यांचंही विधेयक त्याच शुक्रवारच्या दारातून आलं. आणि बेघरांना घर देणं ही काउन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे, हे मूळ तत्त्व १९७७ च्या ज्या कायद्याने आणलं, तो मांडणारे स्टीफन रॉस लिबरल पक्षाचे होते, सत्तेबाहेरचे.

फॉरवर्डने न केलेली टीका मीच करते. हा कायदा अंमलात आणायला भाडेकरूने स्वतः कोर्टात जायचं, आणि २०१२ च्या कपातीनंतर अशा खटल्यांना सरकारी कायदेशीर मदत जेमतेम मिळते. त्यात २०१९ मध्ये घरमालक काहीही कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देऊ शकत होता. ओलीची तक्रार करायची आणि वर बॅगा भरायच्या, ही भीती मला होती, माझ्या ओळखीच्या अनेकांना होती. हक्क मिळाला म्हणजे तो वापरता आला असं नाही.

मी वापरला. २०१९ च्या जूनमध्ये नवा करार केला, थंडी पडल्यावर तीच भिंत पुन्हा काळी झाली. या वेळी ईमेलमध्ये बक यांच्या कायद्याने आणलेलं कलम ९ए लिहिलं, सोबत नाणं ठेवून काढलेले ठिपक्यांचे फोटो. झाकणाचा विषय निघाला नाही. स्वयंपाकघरात वाफ ओढणारा पंखा लागला आणि भिंतीला आतून अस्तर आलं. गोधडी मात्र वाचली नाही.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर लिहिलं. फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनी एक हात जोडल्याची इमोजी टाकली, तिचा अर्थ काहीही होऊ शकतो. मग नुकत्याच शिकायला आलेल्या एका मुलाने खासगीत विचारलं, “ताई, बेसमेंटच्या खोलीलाही लागू होतं का हे?”

होतं. आधी फोटो काढून ठेव म्हटलं, तारखेसकट.