जाळीवरचा बांगडा

बेळगावात मासा खायचा तर आधी कालनिर्णय बघावं लागतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी. ती उठते न उठते तोवर आमच्या घरी श्रावण. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. राहिलेल्या दिवसांतून सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि संकष्टी वजा करा. म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी वेंगुर्ल्याहून सासरे येणार म्हटल्यावर मी जाहीर करून टाकलं, "मामांना गच्चीवर कोळशावर भाजलेला बांगडा खायला घालतो."

"तव्यावर तळू या की सरळ," बायको म्हणाली. ती वेंगुर्ल्याची. मी बेळगावातल्याच शहापूरचा, समुद्रापासून सुमारे २५०० फूट उंचावर वाढलेला. पण भाजण्याचे व्हिडिओ मी सहा बघितले होते, तिनं एकही नाही.

सकाळी कॅम्पातल्या मासळी बाजारात गेलो. मासेवाली माझ्याशी मराठीत बोलत होती, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कानडीत आणि मध्येच फोनवर कोकणीत. भाव मात्र तिन्ही भाषांत एकच. मी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बांगड्याचे कल्ले उचलून लाल आहेत का बघितलं, डोळे बघितले, पोटावर बोट दाबलं. "बघून झालं असलं तर घेता काय हो?" ती म्हणाली. आठ घेतले.

घरी आल्याआल्या चिरा मारल्या आणि मीठ-लिंबू चोळून ठेवले. दुपारच्या जेवणाला चार तास होते. जितकं जास्त मुरेल तितकं छान, असा माझा आपला हिशेब. चार तासांनी बघितलं तर बांगडे वरून पांढरे पडून भुसभुशीत झालेले. लिंबानं विस्तवाआधीच आपलं काम उरकलं होतं.

आता मसाला. आमच्या फडताळात तिखटाचे दोन डबे आहेत, दोन्ही एकाच मापाचे, एकाच रंगाच्या झाकणाचे. एकात ब्याडगी, म्हणजे रंग जास्त आणि झणका कमी. दुसऱ्यात संकेश्वरी. संकेश्वर आपल्याच जिल्ह्यातलं, हुक्केरी तालुक्यातलं, त्यामुळे आपुलकी आहे. पण त्या मिरचीला कुणाशीही आपुलकी नाही. डबे ओळखायची खूण आईला माहीत आहे. मला विचारायला लाज वाटली. लालभडक दिसलं ते तीन चमचे घेतलं. आलं, लसूण, आमसुलाचं पाणी आणि तिरफळं घालून बांगड्यांना लिंपलं. तिरफळातली काळी बी काढून टाकायची असते, हे मला जेवताना दातांनी सांगितलं.

गच्चीवर शेगडी नेली. कोळसा पेटेना. पुठ्ठा झाला, जुनी वर्तमानपत्रं झाली, शेवटी देवघरातला कापूर आणला. कापरानं कोळसा छान पेटतो, फक्त बांगड्याला आरतीचा वास येतो. जाळी हवी होती. स्वयंपाकघरात खिळ्याला एक टांगलेली होती, ती उचलली. कुणाची, कशाची, एवढा विचार करायला वेळ कुणाला होता?

बांगडा तेलकट मासा. पहिला थेंब निखाऱ्यावर पडला आणि जाळ वर आला. दुसऱ्या थेंबाबरोबर मसाला पडला. मग जो धूर निघाला त्यानं मी आधी शिंकलो, नंतर खोकलो, मग डोळे मिटून अंदाजानं चिमटा फिरवू लागलो. खाली गल्लीत एकेक दार उघडायचा आवाज आला. समोरच्या गच्चीवरच्या काकू पदर नाकाला लावून ओरडल्या, "काय जळूलाय हो तुमच्यात?" त्यांच्या शेजारचे अप्पा कट्टर शाकाहारी. ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त दोरीवरचं वाळत घातलेलं धोतर घडी न करता गोळा करून आत गेले. शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

आता उलटायची वेळ. चिमटा लावला. बांगडा वर आला, कातडी जाळीलाच राहिली. दुसऱ्याचं डोकं माझ्या हातात, बाकीचा जाळीवर. तिसरा सरळ कोळशात उतरला. इतक्यात मागून आवाज आला, "जावयबापू, जाळी आधी तापवलास काय?"

सासरे जिन्यात उभे होते, हातात पिशवी तशीच. मी गप्प. त्यांनी उरलेले पाच बांगडे फडक्यानं टिपून कोरडे केले, जाळी खरवडून निखाऱ्यावर लाल होईस्तोवर तापवली, अर्ध्या कांद्याला तेल लावून तिच्यावर फिरवला आणि बांगडे ठेवून विडी पेटवली. मी चिमटा पुढे केला तर हात झिडकारला. "हात लावू नको. झालो काय आपणच सोडता तो." आणि खरंच, पाचसहा मिनिटांनी बांगडा एखाद्या पाहुण्यासारखा आपणहून उठला.

जेवताना कुणी फारसं बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या तोंडात संकेश्वरी होती. सासऱ्यांनी दोन बांगडे संपवले, नाक पुसलं आणि एवढंच म्हणाले, "बांगडो बरो आसा. पण माका वाटता, मी मिरचीच खाल्लंय."

खरा प्रसंग संध्याकाळी. आई देवळातून आली, पोह्याचे पापड भाजायला म्हणून खिळ्याकडे हात नेला आणि थांबली. खिळा रिकामा. जाळी मोरीत राखेच्या पाण्यात भिजत पडलेली, तारांत अजून बांगड्याची कातडी.

"हिच्यावर मी गुरुवारची वांगी भाजते," आई म्हणाली. आवाज शांत होता. आमच्या घरात शांत आवाज फार महाग पडतो.

दुसऱ्या दिवशी खडे बाजारातून नवी जाळी आणली. जुनी आता मागच्या दारी, मोरीच्या वरच्या खिळ्याला, गळ्यात लाल दोरा बांधून लटकते. परवा शेजारच्या वहिनी पापडाला जाळी मागायला आल्या. आई आतून म्हणाली, "ती आतली न्या की. बाहेरची जावयबापूंची."

मी तिचाच मुलगा आहे, हे वहिनींना सांगायचं आईच्या लक्षात राहिलं नाही.